जहाजाची डावी बाजूही दाखवा : खान्देशातील संग्रहालयांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील संग्रहालयांचे विश्वस्त, नगरपालिकांचे सांस्कृतिक विभाग आणि विज्ञान दालनांचे नियोजक यांस,

स. न. वि. वि.

टीव्हीवरच्या गाजलेल्या अंतराळ मालिकेवर एखादे दालन काढावे, असा विषय बैठकीत निघाला की अंदाजपत्रकातली पहिली ओळ बहुधा फायबरच्या पुतळ्याची असते. दुसरी सेल्फी पॉइंटची, तिसरी फ्लेक्सची. या तीन ओळींतच पैसे संपतात आणि दालन पहिल्या महिन्यातच शिळे होते. प्रदर्शनाची मांडणी, दिवाबत्ती आणि वस्तूंचे जतन हे आमचे काम. त्या कामाच्या अनुभवावरून एवढेच मागणे आहे : मालिकेतले नवल दाखवा, पण ते कसे बनवले तेही शेजारीच दाखवा. आपल्याकडच्या मुलांना घरी नेता येईल असे तेच असते.

उदाहरण ‘स्टार ट्रेक’चेच घेऊ. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत पहिला भाग दाखवला गेला. तीन हंगामांत ७९ भाग झाले आणि १९६९ मध्ये मालिका बंद पडली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने ती रविवारी सकाळी दाखवली. तिच्यातल्या ‘एंटरप्राइझ’ जहाजाचे चित्रीकरणाचे मोठे मॉडेल वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये आहे. लांबी सुमारे ११ फूट, वजन ९० किलोच्या आसपास. अंगात लाकूड, साच्यावर ओढलेले प्लास्टिक आणि पत्र्याच्या नळ्या. पडद्यावर आकाशगंगा ओलांडणारे हे जहाज म्हणजे सुतारकाम आहे, आणि त्याची एकच बाजू पूर्ण केलेली आहे. आतल्या दिव्यांच्या वायरी डाव्या बाजूने आत शिरत, म्हणून कॅमेऱ्यासमोर कायम उजवी बाजू ठेवली जाई. डावीकडे ना नीट रंग, ना खिडक्या. जहाज उलट दिशेने जाताना दाखवायचे असेल तर उजव्या बाजूवर उलटी अक्षरे चिकटवायची, चित्रीकरण करायचे आणि मग फिल्मच उलटवायची. पडद्यावर अक्षरे सुलटी होत.

ही डावी बाजू आमच्या मते दालनाचा गाभा आहे. पुतळ्यापुढे फोटो काढून मूल पुढे जाते. वायरींची भोके दिसली की ते थांबते आणि विचारते.

आता प्रयोगांकडे. पहिला आणि सर्वांत स्वस्त प्रयोग कॅमेऱ्याच्या गाड्याचा. मालिकेत जहाज सहसा जागेवर असे आणि कॅमेरा रुळावरून त्याच्याकडे सरके. भुसावळच्या फलाटावर शेजारची गाडी हलली की आपलीच निघाली असे वाटते, तीच ही फसवणूक. त्यासाठी २५ मिमीच्या चौकोनी पाइपचे अडीच मीटर लांबीचे दोन रूळ, त्यांवर चार ६०८ नंबरच्या बेअरिंगवर चालणारी प्लायची फळी आणि फळीवर वेबकॅम. समोर काळ्या दांड्यावर घट्ट बसवलेले ६० सेंमीचे मॉडेल. मॉडेलच्या मागे किमान दीड मीटर अंतर सोडून हिरवे कापड, ३ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच. मूल फळी ढकलते, संगणक हिरवा रंग काढून तिथे तारे भरतो आणि बाजूच्या पडद्यावर तारांगणातून जहाज झेपावते.

हा प्रयोग बिघडतो तो चार ठिकाणी. कापड मॉडेलच्या जवळ आले की पांढऱ्या जहाजाच्या कडा हिरव्या होतात आणि संगणक त्या कडाही कापून टाकतो, म्हणून ते दीड मीटर कमी करू नका. कापडावर चुणी असली की पार्श्वभूमीत डाग नाचतात. कापड इस्त्री करून खालच्या कडेत नळी घाला म्हणजे ते ताणलेले राहील, आणि त्याला स्वतःचे दोन दिवे द्या, मॉडेलचे दिवे वेगळे. रुळांच्या टोकांना रबरी अडथळे नसतील तर पहिल्याच आठवड्यात कॅमेरा जमिनीवर असतो. आणि वेबकॅमऐवजी मोबाइल लावण्याचा मोह टाळा. मे महिन्यात मोबाइल तापून बंद पडतो आणि ऐन सहलीच्या दिवशी पडदा काळा होतो.

दुसरा प्रयोग माणसे विरघळवून ग्रहावर उतरवणाऱ्या ट्रान्सपोर्टरचा. दर आठवड्याला एवढे मोठे जहाज ग्रहावर उतरवायचे तर खर्च परवडत नव्हता, म्हणून ही युक्ती निघाली. विज्ञानकथेतली ही प्रसिद्ध कल्पना जमाखर्चाच्या वहीतून आली, हे फलकावर जरूर लिहा. ती चमचम म्हणजे प्रकाशझोतात पडणारी अॅल्युमिनियमची पूड होती. आपण मात्र ती पूड वापरायची नाही, मुलांसमोर तर मुळीच नाही. हवेत उडालेली बारीक अॅल्युमिनियम पूड ठिणगीने स्फोटासारखी पेटते. त्याऐवजी १० सेंमी व्यासाची आणि ६० सेंमी लांबीची पारदर्शक अॅक्रिलिक नळी घ्या. तिच्यात डिस्टिल्ड पाणी, भांडी घासायच्या द्रवाचे चार-पाच थेंब आणि अर्धा चमचा चमकी घाला. मागे काळा कागद लावा, बाजूने एलईडी सोडा, आणि मध्यावर आस देऊन नळी उलटीसुलटी फिरेल अशी बसवा. पुढे ४५ अंशांत साधी काच धरली की मुलाच्या प्रतिबिंबावर ती चमचम उतरते.

नळी काठोकाठ भरू नका. पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर गेले की जवळपास एक टक्क्याने फुगते आणि झाकणाचा जोड उघडतो. वर दोन-तीन बोटे हवा राहू द्या. नळाचे पाणी भरले तर पंधरवड्यात शेवाळ धरते. चमकी जास्त झाली तर ती तळाशी गोळा होऊन बसते. ‘थोडी आणखी घाला’ म्हणणारा प्रत्येक समितीत एक तरी निघतोच. त्याचे ऐकू नका.

तिसऱ्या भागाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तो खान्देशाशिवाय दुसरीकडे इतका चांगला होणार नाही. मालिकेतल्या डॉक्टरांची काही उपकरणे म्हणजे मुळात मिठाच्या डब्या होत्या. प्रसारित झालेल्या पहिल्या भागात मिठाला हपापलेला प्राणी आहे. त्यासाठी निरनिराळ्या घाटाच्या मीठदाण्या आणल्या गेल्या, पण त्या इतक्या अनोळखी दिसत होत्या की प्रेक्षकांना मीठदाणी आहे हे कळले नसते. मग त्याच डॉक्टरांच्या हाती दिल्या. आता आपल्याकडे पाहा. केळीच्या जवळपास प्रत्येक बागेत ठिबक आहे. १६ मिमीची लॅटरल (पाणी नेणारी काळी नळी), ड्रिपर, जॉइनर, टेकऑफ, ग्रोमेट, एंड कॅप, फिल्टरच्या जाळीच्या चकत्या, व्हेंचुरी. ठिबकशी ज्याचा संबंध आला नाही त्याला यातल्या निम्म्या वस्तू परग्रहावरच्याच वाटतील. जळगावच्या प्लास्टिक चटईचे रंगीत तुकडे आणि पीव्हीसी पाइपांची कात्रणे त्यात टाकली की अंतराळयान बांधायला लागणारे सगळे सामान भंगारातून उभे राहते.

३० मुलांच्या गटाला सहा टेबले पुरतात. दर टेबलावर जुनी लॅटरल ३ मीटर, जॉइनर आणि टेकऑफ मिळून २०, एंड कॅप १०, बंद पडलेले ड्रिपर मूठभर, फिल्टरच्या चकत्या दहा-बारा आणि पीव्हीसीचे हातभर लांबीचे दोन पाइप ठेवा. पाइप आधीच कापून, कडा घासून द्या. मुलांच्या हाती करवत नको. वेळ ४० मिनिटे. सामान शेतातून आलेले असते, त्याला खताचा क्षार चिकटलेला असतो. आदल्या दिवशी पाण्यात भिजवून ब्रशने धुवा. ज्या संचातून कीटकनाशक सोडले गेले असेल तो घेऊच नका, देणाऱ्याला तसे स्पष्ट विचारा.

इथे सगळ्यात जास्त चुकते ते चिकटवणे. लॅटरल पॉलिथिलीनची असते. तिच्यावर फेविक्विक धरत नाही, पाइपाचे सोल्युशन धरत नाही, रंग तर दुसऱ्या दिवशी सालीसारखा निघतो. पृष्ठभागच तसा, कशाला चिकटू देत नाही. म्हणून लॅटरलचे जोड जॉइनरने, तारेने किंवा केबल टायने करा. पीव्हीसीचे पीव्हीसीला मात्र सोल्युशनने पक्के बसते, पण ते काम मोठ्या माणसाने उघड्या खिडकीपाशी करायचे. शेवटी सगळ्या यानांना एकच राखाडी रंग मारण्याची इच्छा होईल. आधी पीव्हीसीचे भाग पॉलिश पेपरने घासा, प्राइमर द्या, मग रंग. पॉलिथिलीनचे भाग काळेच राहू द्या. खऱ्या यानालाही काळे भाग असतातच.

या कामासाठी मुंबई-पुण्याची एजन्सी बोलवायची गरज नाही. मूळ जहाजाच्या पुढच्या लाल घुमटांत नाताळच्या माळेचे दिवे, आरशाचे तुकडे आणि त्यांना फिरवणारी मोटर होती. हे वाचून गणपतीचे हलते देखावे करणारा अमळनेरचा किंवा शहाद्याचा कोणताही कारागीर हसेल. त्याने ते दहा वर्षे केलेले असते, आणि रात्री दोन वाजता मोटर बंद पडली तर काय करायचे तेही त्याला ठाऊक असते. कंत्राट त्याला द्या, फक्त थर्माकोल वापरू देऊ नका.

आता उन्हाळा. बाहेरून आणलेली दालने आपल्याकडे कोसळतात ती याच कारणाने. थ्रीडी प्रिंटरवर काढलेली मॉडेल बहुतेक पीएलए प्लास्टिकची असतात आणि ते ६० अंशांच्या सुमारास मऊ पडते. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद टेंपोत तेवढे तापमान सहज होते. जहाज पुण्याहून सरळ निघते आणि धुळ्यात मान टाकून उतरते. मागणीपत्रात ‘एबीएस प्लास्टिक’ असे लिहा, ते १०० अंशांच्या आसपासपर्यंत तग धरते. अॅक्रिलिकच्या पेट्यांचे तसेच. दोन मीटरची अॅक्रिलिक शीट ३० अंशांच्या फरकाने ४ मिमीहून जास्त वाढते आणि तिला धरणारी लोखंडी चौकट एक मिमीसुद्धा वाढत नाही. स्क्रू गच्च आवळले असतील तर शीट पोट काढते नाहीतर भोकापाशी तडकते. भोके लांबट पाडा आणि खाली रबरी वायसर द्या. पावसाळ्यात एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीच्या) कडा पाव रोटीसारख्या फुगतात, म्हणून पेटीचा पाया मरीन प्लायचा करा. एलईडीची पट्टी पेटीत लावली तरी तिचा ड्रायव्हर (वीज पुरवणारा डबा) पेटीबाहेर ठेवा, उष्णता तिथेच जास्त होते. १२ व्होल्टच्या लांब पट्टीत शेवटचे दिवे मंद पडतात. २४ व्होल्टची घ्या किंवा दोन्ही टोकांनी वीज द्या.

उजेडाचा हिशेब तर टिपूनच ठेवा. कापड, कागद, छापील चित्रे यांना ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचे एकक) वर उजेड देत नाहीत. रोज ८ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका वर्षात १,२०,००० लक्स-तास होतात. हौसेने ५०० लक्सचा स्पॉट लावला की तेवढा डोस तीस दिवसांत संपतो. जुनी पोस्टरे, मासिकांची मुखपृष्ठे, १९९८ च्या ‘कॅप्टन व्योम’ या आपल्याकडच्या अंतराळ मालिकेची छापील जाहिरात असे काही कोणी प्रेमाने आणून दिले, तर त्याचा रंग असा एका उन्हाळ्यात घालवू नका.

पण ५० लक्सची एक अडचण आपल्याकडेच येते. बाहेर भर दुपारी लाख लक्सच्या आसपास ऊन असते. त्यातून माणूस थेट दालनात आला तर त्याला काही दिसत नाही, तो ठेचकाळतो आणि अभिप्राय वहीत ‘लाइट लावा’ असे लिहून जातो. मग शिपाई ट्यूबलाइट लावतो आणि सगळा हिशेब बुडतो. म्हणून दाराशी ८-१० मीटरचा वळणाचा मंद बोळ करा. भिंती राखाडी, उजेड टप्प्याटप्प्याने कमी, मध्ये बाक आणि माठ. तिथे दोन-तीन मिनिटे गेली की डोळे सरावतात. चपला तिथेच काढायला लावल्या तर धूळही निम्मी कमी होते.

रंगाबद्दल एक फलक हवाच. कप्तानाचा अंगरखा सगळ्यांना सोनेरी-पिवळा आठवतो. मूळ कापड हिरवट होते, दिव्यांखाली आणि फिल्मवर ते सोनेरी उतरले. हिरवी प्रतिकृती टांगलीत तर ‘रंग चुकला’ म्हणणारे येतील, पिवळी टांगलीत तर जाणकार येतील. दोन्ही शेजारी टांगा. (आपल्याकडे शटरच्या कृष्णधवल टीव्हीवर ज्यांनी ती पाहिली त्यांना तो अंगरखा राखाडीच आठवेल, तेव्हा तिसराही टांगायला हरकत नाही.) तो जुना टीव्ही मांडणार असाल तर चालू करून दाखवू नका. पिक्चर ट्यूबवर काही हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ते काही काळ टिकतात. जाणत्या मेकॅनिककडून आतले काढून घ्या आणि खोक्यात छोटा सपाट पडदा बसवा. चित्र ४:३ मध्येच ठेवा, ताणून रुंद केलेले चेहरे पाहवत नाहीत.

आवाजाचा कोपरा करणार असाल तर ब्रिटिश मालिका ‘डॉक्टर हू’कडे पाहा. २३ नोव्हेंबर १९६३ ला ती सुरू झाली. तिच्यातल्या कालयंत्राचा घरघराट ब्रायन हॉजसन यांनी पियानोच्या जाड तारांवर घराची किल्ली घासून मिळवला होता. आपल्याकडे पियानो नसला तरी सायकलची ब्रेकची तार फळीवर ताणून, तिला संपर्क मायक्रोफोन (वस्तूला चिकटून तिचा थरथराट टिपणारा माइक) लावून हेच करता येते. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज फार घुमतो. भिंतींवर अग्निरोधक प्रक्रिया केलेल्या गोधड्या लावल्या तर फरक पडतो. दोन आवाज एकमेकांच्या अंगावर येऊ देऊ नका. बटणे मात्र टचस्क्रीनवर नकोत. घामट आणि धुळकट बोटांनी ती चालत नाहीत. व्हिडिओ गेमची मोठी प्लास्टिकची बटणे घ्या आणि दर दहा बटणांमागे दोन मायक्रोस्विच कपाटात राखून ठेवा. मुले बटण दाबत नाहीत, ठोकतात.

एसटीने सहल आली तर एकदम पन्नास मुले उतरतात. दालनात २५ सोडा, बाकीचे ठिबकच्या टेबलांवर, मग अदलाबदल. पेटीचा मध्य जमिनीपासून १२० सेंमीवर ठेवा, मोठ्यांना वाकू द्या. फलक ६० शब्दांच्या वर नको. भाषा प्रमाण मराठी असावी, पण माहिती सांगणाऱ्याने अहिराणीत सांगितले, सातपुड्यातल्या आश्रमशाळेची मुले आली तर भिलोरी किंवा पावरी बोलणारा कोणी उभा राहिला, तर मुले दुप्पट प्रश्न विचारतात. त्यासाठी वेगळी निविदा लागत नाही.

आता कागदपत्रे. मालिकेचे नाव, चिन्ह आणि दृश्ये यांचे हक्क कोणाचे तरी आहेत. तिकिटावर नाव छापण्याआधी आणि पडद्यावर तुकडा दाखवण्याआधी लेखी परवानगी घ्या. पत्रव्यवहाराला वेळ लागतो, म्हणून मांडणीआधी ते सुरू करा. प्रत्येक वस्तूपाशी ‘अस्सल’, ‘प्रतिकृती’ किंवा ‘येथे बनवलेले’ यांपैकी एक शब्द मोठ्या अक्षरात हवा. आणि उसनी आणलेली वस्तू नोंदवहीत चढल्याशिवाय पेटीत जाता कामा नये. फोटो चारही बाजूंनी, माप, वजन, आधीचे ओरखडे, परत करण्याची तारीख, दोघांच्या सह्या. ‘एंटरप्राइझ’चे पहिले, सुमारे तीन फुटी मॉडेल मालिकेच्या कर्त्याने सत्तरच्या दशकात उसने दिले आणि ते परत आलेच नाही. ते थेट २०२३ मध्ये इंटरनेटवरच्या विक्रीत दिसले आणि २०२४ मध्ये त्यांच्या मुलाकडे पोहोचले. तेवढी वाट पाहायची कोणाची तयारी नसेल तर वही ठेवा.

जुन्या वस्तूला रंग मारायचा नाही, हेही लिहून ठेवा. मोठ्या मॉडेलवर वेगवेगळ्या वेळी रंगकाम झाले आणि शेवटी २०१६ मध्ये ते नव्याने मांडण्याआधी जाणकारांना तो वरचा रंग काढत बसावे लागले. मूळ रंग टिकला होता तो वरच्या तबकडीच्या माथ्यावर. तो त्यांनी तसाच राखला.

देखभालीची तरतूद उद्घाटनाच्या खर्चातच धरा. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात याचा उत्तम नमुना आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, आणि १२०७ सालच्या त्या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. त्यात मठाला कोणी काय द्यायचे ते नोंदले आहे. चालत्या प्रत्येक घाण्यामागे पळीपळी तेलसुद्धा. म्हणजे इमारत उभी राहिल्यावर दिवा कशावर जळणार, हे दगडावर कोरून ठेवले होते. आपल्या ठरावात बदली बटणे, एलईडी, डिस्टिल्ड पाणी, हिरवे कापड आणि एका मेकॅनिकचा महिन्यातला एक दिवस एवढे तरी असावे. दालनात पाटणची माहिती जरूर लावा, फक्त ‘हे सगळे आमच्याकडे आधीच होते’ असा फलक लावू नका. त्या लेखात तसे काही म्हटलेले नाही.

शेवटचे मागणे जहाजाच्या पेटीबद्दल. मॉडेलची उजवी बाजू प्रेक्षकांकडे ठेवा, डावी अर्धवट सोडा, वायरी लोंबू द्या आणि मागे ७० सेंमीवर आरसा लावा. अॅक्रिलिकचा आरसा उन्हाळ्यात लाटा मारतो, तेव्हा काचेचाच घ्या : ६ मिमी जाडीचा, २ मीटर बाय १ मीटर. त्याचे वजन ३० किलो होते, म्हणून पाठीला सुरक्षा फिल्म आणि खालून लोखंडी पट्टी हवी, नुसत्या चिकटपट्टीवर सोडू नका. शेजारी हाताला येईल असे दुसरे छोटे मॉडेल ठेवा आणि त्यावर एनसीसी-१७०१ ही जहाजाच्या क्रमांकाची अक्षरे चुंबकाच्या पट्टीवर उलटी लावा. ते मॉडेल आरशासमोर धरले की अक्षरे सुलटी दिसतील. पट्ट्यांचे चार संच जास्तीचे करा, रोज एखादा कोणाच्या तरी खिशातून घरी जाणारच.

कळावे,

आपले,
प्रदर्शन-मांडणी आणि वस्तुजतनाचे काम करणारे काही जण